पिल्लू दिसलं की लगेच उचलू नका: रस्त्यावरच्या मांजरांना मदत कशी करायची

मे महिना लागला की माझ्या फोनवर एकाच प्रकारचे मेसेज यायला लागतात. "जिन्याखाली तीन पिल्लं आहेत, आई नाहीये, प्लीज कोणीतरी घेऊन जा." सोबत एक हललेला फोटो, पुठ्ठ्याचं खोकं, त्यात एकमेकांवर चढलेली पिल्लं आणि शेजारी वाटीत दूध. मी ठाण्यात राहते, गेली नऊ वर्षं आमच्या सोसायटीतली आणि आजूबाजूच्या दोन गल्ल्यांतली मांजरं बघते, माझी काही संस्था वगैरे नाही, मी डॉक्टरही नाही, नोकरी सांभाळून जमेल तेवढं करते. आणि इतक्या वर्षांनंतर कोणी विचारलं की मांजरांना मदत करायची तर सुरुवात कुठून करू, तर मी सगळ्यात आधी हेच सांगते की थांबा. त्या खोक्यातल्या बऱ्याच पिल्लांना आई असते. ती खायला शोधायला गेलेली असते, नाहीतर समोरच्या गाडीखाली बसून तुम्ही तिथून कधी हलताय याची वाट बघत असते.

हे मी स्वतः चूक करून शिकले. पहिल्याच वर्षी आमच्या मीटर बॉक्सखाली एका पोत्यावर चार पिल्लं दिसली, डोळे पण उघडले नव्हते, मला वाटलं कोणीतरी टाकून दिलीत, उचलली आणि घरी आणली. रात्री दीड वाजता खालून आवाज यायला लागला. नेहमीचं म्याव नव्हे, घशातून येणारी लांब हाक, थांबायची आणि परत सुरू व्हायची. गॅलरीतून बघितलं तर एक करड्या पट्ट्यांची भाटी मीटर बॉक्सपाशी जात होती, पोतं हुंगत होती, अख्ख्या पार्किंगला चक्कर मारून परत येत होती आणि परत तेच पोतं हुंगत होती. मी तशीच पिल्लं घेऊन खाली गेले, पोत्यावर ठेवली आणि जिन्यात लांब जाऊन बसले. पाच मिनिटांत तिने पहिलं पिल्लू मानेला धरून उचललं आणि कंपाउंडच्या भिंतीमागे नेलं. चार फेऱ्या झाल्या. चौथं नेल्यावर सुद्धा ती एकदा परत आली, पोतं नीट हुंगून बघितलं, अजून एखादं राहिलंय का म्हणून, आणि मग गेली. त्यामुळे माणसाचा हात लागला की आई पिल्लाला घेत नाही असं जे सगळे सांगतात त्यावर माझा अजिबात विश्वास नाही, माझ्या घरात पाच तास राहिलेली पिल्लं तिने काही न म्हणता नेली.

आधी बघा

पिल्लं दिसली की लांबूनच बघा. पोट गोल आहे, अंग स्वच्छ आहे, एकमेकांना चिकटून गप झोपलीत म्हणजे आई तासा-दोन तासापूर्वी पाजून गेली आहे, तुम्ही काहीच करायचं नाही. खात्री करायची असेल तर पिल्लांभोवती हातभर अंतरावर गव्हाचं पीठ भुरभुरवून गोल करा आणि निघून जा, चार-सहा तासांनी येऊन बघा, पिठात पंजे उमटलेले दिसले की आई येते आहे. तुम्ही तिथेच उभं राहून वाट बघत बसलात तर ती येणार नाही, निदान वीस-पंचवीस फूट लांब जा, शक्यतो तिला दिसणार नाही असं उभं राहा. आणि पिल्लं अचानक गायब झाली तर घाबरू नका, मांजर पिल्लांना सात घरं फिरवते असं आपल्याकडे म्हणतात ते उगीच नाही, जागा असुरक्षित वाटली की ती हलवतेच. तुम्ही दहा वेळा डोकावलात, सोसायटीतल्या पोरांना घेऊन दाखवलंत की ती त्याच रात्री हलवणार.

थांबायचं नाही अशा वेळा पण आहेत. पिल्लू हाताला गार लागतंय, सतत रडतंय किंवा उलट इतकं मलूल आहे की रडत पण नाही, अंगावर मुंग्या चढल्यात, डोळे चिकटून पू आलाय, जखमेत अळ्या आहेत, किंवा आई गाडीखाली आलेली तुम्ही स्वतः बघितली आहे, तर लगेच उचला. जागा धोक्याची असेल, म्हणजे गाडीच्या चाकामागे, गटाराच्या तोंडाशी, कुत्र्यांच्या वाटेत, तर पिल्लांना घरी न नेता दहा-पंधरा फुटांवर आडोशाला एक खोकं आडवं टाकून त्यात जुनी ओढणी घालून ठेवा. आईला आवाज ऐकू गेला की ती तिथे येते.

आई असेल तर पिल्लांसाठी तुम्ही करू शकाल अशी सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे आईला खायला घालणं. बिनमिठाचं बिनमसाल्याचं उकडलेलं चिकन, नाहीतर कॅट फूड, आणि स्वच्छ पाणी. पाजणाऱ्या मांजरीला नेहमीपेक्षा दुप्पट किंवा जास्तच भूक असते. पण वाटी पिल्लांच्या तोंडाशी ठेवू नका, वासाने बोके आणि कुत्रे येतात, थोडी लांब ठेवा आणि खाऊन झालं की उचला. मासळीवालीकडून डोकी आणता येतात, आमच्या इथल्या कोळीण मावशी मला बांगड्याची डोकी पैसे न घेता देतात, पण ती उकडून काटे काढून द्यायची. खारवलेलं सुकट रोज घालू नका, मीठ फार असतं.

खरंच आई नसेल तर

इथे क्रम महत्त्वाचा आहे आणि जवळपास सगळे तो चुकतात. आधी ऊब, मग दूध. घरी आणलं की माणसाचा पहिला हात दुधाकडे जातो, पण गार पडलेल्या पिल्लाच्या पोटात दूध गेलं तर ते पचत नाही, पिल्लू त्यानेच जाऊ शकतं. तुमचं बोट हळूच त्याच्या तोंडात घालून बघा, आतून गार लागलं तर दूध अजिबात नाही. गरम पाण्याची बाटली जाड टॉवेलमध्ये गुंडाळून खोक्याच्या एका बाजूला ठेवा, दुसरी बाजू मोकळी, म्हणजे जास्त गरम झालं तर पिल्लाला सरकता येईल. रबरी पिशवी नसेल तर मोज्यात कच्चे तांदूळ भरून ते गरम करून वापरता येतात. हळूहळू ऊब द्यायची, हेअर ड्रायर लावून एकदम तापवायचं नाही. फारच मलूल असेल तर अंग कोमट झाल्यावर मधाचं बोट हिरड्यांना लावा आणि व्हेटकडे, म्हणजे प्राण्यांच्या डॉक्टरकडे पळा.

वय कसं ओळखायचं. नाळ लटकत असेल तर चार-पाच दिवसांच्या आतलं. डोळे साधारण 7 ते 14 दिवसांत उघडतात. तिसऱ्या आठवड्यात कान उभे राहायला लागतात, समोरचे बारीक दात हाताला लागतात आणि पिल्लू लटपटत चालतं. चौथ्या आठवड्यात ते नीट चालतं, खेळतं आणि मऊ खाणं चाटायला लागतं. दोन महिन्यांच्या पिल्लाचं वजन किलोच्या आसपास असतं.

गाईचं, म्हशीचं, पिशवीतलं दूध देऊ नका. त्याने जुलाब होतात आणि शंभर ग्रॅमच्या जिवाला एका दिवसाचे जुलाब पण झेपत नाहीत. पेट शॉपमध्ये किंवा ऑनलाइन किटन मिल्क रिप्लेसर म्हणून पावडर मिळते, डब्यावर लिहिलंय त्या मापानेच पाणी घालायचं, पातळ केलं तर पोट भरतं पण वजन वाढत नाही. रात्री अपरात्री पावडर मिळालीच नाही तर व्हेटला फोन करून विचारा, आमच्या डॉक्टरांनी एका रात्रीपुरतं शेळीचं दूध चालवून घेतलं होतं, पण सकाळी दुकान उघडलं की पावडरच. पहिल्या आठवड्यात दर दोन-तीन तासांनी, रात्री पण. दुसऱ्यात तीन-चार तासांनी. तिसऱ्यात चार-पाच. हो, झोप होत नाही, म्हणून घरात दोन माणसं तरी लागतात, मी आणि माझी बहीण अलार्म वाटून घेतो.

पाजताना पिल्लू पोटावर असलं पाहिजे, आईला पितं तसं, मान किंचित वर. माणसाच्या बाळासारखं उताणं धरून पाजायचं नाही, दूध फुप्फुसात जातं आणि न्युमोनिया होतो. सुई काढलेली एक-दोन एमएलची सिरिंज किंवा छोटी निपलची बाटली, दूध मनगटावर टाकून बघायचं, कोमट हवं. सिरिंज दाबून दूध आत ढकलायचं नाही, थेंब ओठावर आणायचा आणि पिल्लाला ओढू द्यायचं. नीट जमायला लागलं की त्याचे कान तालात मागेपुढे हलायला लागतात आणि पुढचे दोन्ही पंजे तुमच्या बोटावर दाबायला लागतात, तो क्षण एकदा अनुभवला की पहाटे तीनचा अलार्म जड वाटत नाही. नाकातून दूध आलं तर तिथेच थांबा, डोकं खाली करून पुसून घ्या आणि श्वास घरघरतोय असं वाटलं तर त्याच दिवशी डॉक्टर.

आणि एक गोष्ट बहुतेकांना माहितीच नसते. साधारण तीन आठवड्यांपर्यंत पिल्लाला स्वतःहून शी-शू करता येत नाही, आई चाटते तेव्हाच होते. प्रत्येक वेळी पाजून झालं की कापूस कोमट पाण्यात बुडवून, पिळून, शेपटीखाली हलक्या हाताने चोळायचं, शू होईपर्यंत. हे केलं नाही तर पोट फुगून पिल्लू जातं आणि माणूस म्हणतो की मी तर नीट दूध पाजत होतो. रोज सकाळी किचनच्या काट्यावर वजन करून भिंतीवरच्या कालनिर्णयवर लिहून ठेवा. दिवसाला साधारण दहा ते पंधरा ग्रॅम वाढलं पाहिजे. एक दिवस वाढलं नाही तर लक्ष ठेवा, घटलं तर डॉक्टर. डोळ्यांनी बघून वजन कळत नाही, काटा खोटं बोलत नाही.

घरात आधीच मांजर असेल तर नवीन पिल्लू कमीत कमी दोन आठवडे वेगळ्या खोलीत, बाथरूम चालेल, वाटी वेगळी, लिटर, म्हणजे शी-शूची रेती वेगळी, त्याला हात लावून झाला की साबणाने हात धुवायचे आणि कपडे पण बदलायचे. याचं कारण पॅनल्यूकोपेनिया, कुत्र्यांच्या पार्व्होसारखा मांजरांचा विषाणूचा आजार. उलट्या, जुलाब, खाणं बंद, आणि लहान पिल्लं दोन-तीन दिवसांत जातात. तो विषाणू घरात वर्षभर सुद्धा टिकू शकतो आणि साध्या साबणाने मरत नाही, एक भाग घरगुती ब्लीचला 32 भाग पाणी करून फरशी दहा मिनिटं ओली ठेवावी लागते, मग साध्या पाण्याने पुसायची, आणि हे होईपर्यंत मांजर त्या खोलीत नको. ज्या घरात पॅनल्यूकने पिल्लू गेलंय तिथे लस न घेतलेलं दुसरं पिल्लू आणू नका, कितीही जीव तुटला तरी. लस म्हणजे ट्रायकॅट, पहिला डोस साधारण आठ आठवड्यांचं झाल्यावर, बूस्टर तीन-चार आठवड्यांनी, आणि रेबीजची तिसऱ्या महिन्यानंतर. जंताचं औषध किती द्यायचं ते वजनावर असतं, ते डॉक्टरांकडूनच.

घरात असलेल्या कुठल्या गोष्टी मांजराला विष आहेत

ताप आलाय म्हणून क्रोसिन देऊ नका. पॅरासिटामॉल मांजराला विष आहे, अर्धी गोळी पण जीव घेते, कारण त्यांचं यकृत ते मोडूच शकत नाही. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक पण नाही. पिसवांसाठी कुत्र्यांचं औषध मांजराला लावू नका, पर्मेथ्रिन असलं तर झटके येतात. पावसाळ्यात जखमेत अळ्या पडतात तेव्हा आपल्याकडे लोक टर्पेंटाइन, रॉकेल, फिनेल असलं काहीही ओततात, गुरांना लावतात म्हणून. मांजर ते चाटतं आणि विषबाधा होते. अळ्या दिसल्या तर जखम झाकून थेट डॉक्टरकडे, ते चिमट्याने काढतात. अगदीच वेळ लागणार असेल तर बेटाडीन पाण्यात मिसळून फिक्या चहाच्या रंगाचं करून त्याने धुवा, बाकी काही नको.

जखमी मोठं मांजर

रस्त्यावरच्या मोठ्या मांजराला दुखत असताना तुम्ही मदत करताय हे त्याला कळत नाही, ते चावणार, ओरबाडणार. मागून जाऊन मोठा जाड टॉवेल किंवा चादर अख्ख्या अंगावर टाका आणि बाळाला दुपट्यात गुंडाळतात तसं गुंडाळून घ्या, फक्त नाक मोकळं. मग कॅरियर, नाहीतर भोकं पाडलेलं झाकणाचं खोकं, चिकटपट्टी लावून. हातात धरून रिक्षात बसू नका, हॉर्न वाजला की ते उडी मारतं. गाडीने उडवलेलं असेल तर कमीत कमी हलवा, एखादा पाट किंवा जाड पुठ्ठा हळूच खाली सरकवून त्यावरच उचला. तोंडात पाणी ओतू नका. मांजर तोंड उघडून धापा टाकत असेल किंवा हिरड्या पांढऱ्याफटक असतील तर एक मिनिट घालवू नका, आणि वरून काही लागलेलं दिसत नसलं तरी डॉक्टरला दाखवाच, आत मार असतो.

कुठे न्यायचं हे आधीच माहिती करून ठेवा, रात्री अकरा वाजता शोधत बसायची वेळ येऊ नये. जवळचे दोन खाजगी व्हेट, त्यांच्या वेळा, रात्री उघडा असलेला एक दवाखाना, फोनमध्ये सेव्ह करा. मुंबईत परळचं बाई साकरबाई दिनशॉ पेटिट हॉस्पिटल आहे, जुनी माणसं त्याला बैलघोडा हॉस्पिटल म्हणतात, टॅक्सीवाल्याला तेच नाव सांगितलं तर पटकन कळतं. ते चालवणारी एसपीसीए ही प्राण्यांवरची क्रूरता रोखणारी संस्था 1874 पासूनची. पुण्यात रेस्क्यू आणि ब्लू क्रॉस या संस्था आहेत. तालुक्याच्या गावी सरकारी पशुवैद्यकीय दवाखाना असतो, तिथे जास्त गाई-म्हशी येतात पण मलमपट्टी आणि इंजेक्शनसाठी मी गावी गेले तेव्हा तिथे गेले आहे. डक्टमध्ये, विहिरीत, उंच झाडावर अडकलं असेल तर 101 ला फोन करा, अग्निशमन दलाचे लोक प्राणी-पक्ष्यांसाठी पण येतात. आणि संस्थेला फोन केला की आपलं काम संपलं असं धरू नका. त्यांच्याकडे एक ॲम्ब्युलन्स आणि वीस फोन असतात. तुम्ही स्वतः रिक्षा करून नेलंत तर ते मांजर दोन तास आधी टेबलावर असतं, हा फरक जगण्या-मरण्याचा असतो. फक्त धडधाकट लहान पिल्लं शेल्टरमध्ये नेऊन सोडू नका, लस नसताना आजारी मांजरांच्या शेजारी ठेवली की हमखास काहीतरी लागतं.

चावलं तर? घरगुती उपाय, हळद, चुना काही नाही. वाहत्या पाण्याखाली साबणाने 15 मिनिटं घड्याळ लावून धुवा आणि त्याच दिवशी दवाखान्यात जा. रेबीज मांजरामुळे पण होतो. सरकारी आणि महापालिकेच्या दवाखान्यात लस मिळते, डोस 0, 3, 7 असे ठरलेल्या दिवशी असतात, पुढचे डॉक्टर सांगतात, पूर्ण करायचे, दुखणं थांबलं म्हणून मधेच सोडायचे नाहीत. रक्त आलं असेल तर जखमेभोवती वेगळं इंजेक्शन लागतं का ते विचारा. मांजराचे दात सुईसारखे असतात, वरून छोटं भोक दिसतं पण आत पू होतो, दुसऱ्या दिवशी हात सुजला तर अँटिबायोटिक लागतं. तुम्ही नियमित हे काम करणार असाल तर आधीच रेबीजची लस घेऊन ठेवा, मी घेतली आहे.

नसबंदी, म्हणजे खरं काम

पिल्लं वाचवणं फोटोत छान दिसतं, पण मला विचाराल तर माझ्या नऊ वर्षांतलं सगळ्यात उपयोगी काम म्हणजे आमच्या सोसायटीतल्या सतरा मांजरांची नसबंदी. भाटी चार-पाच महिन्यांची असताना सुद्धा माजावर येऊ शकते, साधारण नऊ आठवडे गाभण असते, आणि पिल्लं पीत असतानाच परत गाभण राहू शकते. म्हणजे वर्षात दोन-तीनदा व्यायली, दर वेळी तीन-चार पिल्लं, त्यातली बरीच गाडीखाली, कुत्र्यांच्या तोंडी, पावसात जातात. आम्ही सुरुवात केली तेव्हा दर उन्हाळ्यात पार्किंगमध्ये मेलेली पिल्लं उचलायला लागायची. गेली तीन वर्षं एकही नाही.

पद्धत अशी. आधी रोज ठरलेल्या वेळी ठरलेल्या जागी खायला घालायला लागा, आठवडाभरात सगळी मांजरं त्या वेळेला हजर होतात आणि कोण किती आहेत, कोण गाभण, कोण पाजतंय हे कळतं. मग पिंजरा आणा, संस्थांकडे अनामत ठेवून मिळतो. पहिले तीन-चार दिवस पिंजऱ्याचं दार उघडं बांधून ठेवा आणि वाटी रोज थोडी आत सरकवा. सर्जरीच्या आदल्या दिवशी खाणं बंद, व्हेट सांगतील तितके तास. ज्या दिवशी पकडायचं त्या दिवशी आत वासाचं काहीतरी अगदी थोडं, बांगड्याचा तुकडा चालतो, पोटभर नाही. दार पडलं की मांजर प्रचंड आदळआपट करतं, नाक घासून घेतं, त्या क्षणी पिंजऱ्यावर जाड चादर टाका. अंधार झाला की मिनिटभरात शांत होतं, दर वेळी. पिंजरा लावून घरी चहा प्यायला जायचं नाही, तिथेच लांब बसायचं, नाहीतर उन्हात अडकून पडतं नाहीतर कोणीतरी पोरगं काठीने डिवचतं.

पोटाला हात लावता येत नसला तरी बघा, पाजणाऱ्या मांजरीची स्तनं फुगलेली आणि भोवतालचे केस गेलेले दिसतात. तशी असेल तर पिल्लं स्वतः खायला लागेपर्यंत थांबा, ती दवाखान्यात अडकली तर इथे पिल्लं उपाशी. सर्जरीनंतर बोका एक-दोन दिवसांत सोडता येतो, भाटीला टाके असतात, डॉक्टर सांगतील तितके दिवस कोरड्या जागी ठेवावं लागतं. भूल देऊन झालेली असतानाच कानाचं टोक सरळ कापतात, ती खूण, म्हणजे पुढच्या वेळी त्याच मांजराला कोणी परत पकडून पोट फाडू नये. मला सुरुवातीला तो कान बघून वाईट वाटायचं. मग एकदा एका भाटीला पकडून नेलं, खूण नव्हती, पोटावरचे केस काढल्यावर डॉक्टरांना जुना टाका दिसला. तिला उगाचच भूल मिळाली होती. तेव्हापासून मी स्वतः आठवणीने सांगते, कानाची खूण करा.

आणि सोडायचं जिथून उचललं तिथेच. लांबच्या बागेत, मासळी बाजारात, "तिथे खायला भरपूर मिळेल" म्हणून सोडू नका. तिथली मांजरं त्याला उभं करत नाहीत, ते घराच्या दिशेने चालत सुटतं आणि रस्त्यात मरतं. इकडे रिकाम्या जागेत महिन्याभरात दुसरी नसबंदी न झालेली मांजरं येतात. हे सोसायटीच्या मीटिंगमध्ये सांगा, कारण तिथे कोणीतरी म्हणतंच की पोत्यात भरून लांब सोडून या. 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या कलम 11 मध्ये प्राण्याचे उपासमारीने हाल होतील असं टाकून देणं हा गुन्हा आहे, आणि विष घालणं, मारणं, अपंग करणं यासाठी भारतीय न्याय संहितेच्या कलम 325 मध्ये पाच वर्षांपर्यंत शिक्षा आहे. पण कायदा पहिल्या वाक्यात काढू नका. आमच्या तिसऱ्या मजल्यावरच्या काकांची तक्रार खरी होती, स्कूटरच्या सीटवर नखं आणि रात्रभर बोक्यांची भांडणं. आम्ही त्यांना सीट कव्हर आणून दिलं, मागच्या कोपऱ्यात रेतीचा ट्रे ठेवून रोज साफ करायला लागलो, आणि नसबंदी झाल्यावर भांडणं आणि बोक्यांची ती उग्र वासाची शूची फवारणी दोन्ही खूप कमी झाली. काका आता मीटिंगमध्ये आमच्या बाजूने बोलतात. खायला घालून वाट्या तशाच टाकून जाणाऱ्यांमुळे मात्र सगळ्यांना बोल खावे लागतात, अर्ध्या तासाने उचला, जागा पुसा.

पावसाळ्यात एवढं करा, गाडी सुरू करण्याआधी बोनेटवर दोन थापा मारा. उबेला पिल्लं इंजिनात जाऊन बसतात.

घर शोधताना

दोन महिन्यांपर्यंत पिल्लू आईजवळ किंवा भावंडांत राहू द्या, मग द्या. फोटो दिवसाउजेडी, पिल्लाच्या डोळ्यांच्या पातळीवर बसून काढा. वय, लस, जंताचं औषध, स्वभाव खरा लिहा, लाजरं असेल तर लाजरं लिहा, खोटं लिहून दिलेलं पिल्लू आठवड्याने परत येतं. काळ्या पिल्लांना घरं उशिरा मिळतात, त्यांना जास्त वेळ द्या, माझ्याकडे एक साडेपाच महिने राहिलं आणि मग पनवेलला इतक्या छान घरी गेलं. शक्य असेल तर दोन भावंडं एकत्र द्या, एकटं पिल्लू माणसांचे पाय चावत बसतं. घरात बाई गरोदर आहे म्हणून मांजर सोडून द्यायची गरज नाही, तिने लिटर साफ करायचं नाही, दुसऱ्या कोणीतरी रोज करायचं, आणि तिच्या डॉक्टरांशी बोलून घ्यायचं. पिल्लाच्या अंगावर गोल टक्कल पडलेलं दिसलं तर गजकर्ण असू शकतं, ते माणसालाही लागतं, आधी उपचार करा आणि मगच द्या.

घर बघायला स्वतः जा, नाहीतर व्हिडिओ कॉलवर सगळ्या खिडक्या दाखवायला सांगा. मांजर पडत नाही, पायांवर उतरतं असं म्हणतात, पण सहाव्या मजल्यावरून कबुतराच्या मागे उडी मारलेलं मांजर मी टॉवेलमध्ये उचललं आहे. त्यामुळे माझा एकच नियम आहे जो मी कोणासाठीच मोडत नाही, ओळखीचे असोत, नातेवाईक असोत. गॅलरीला आणि खिडक्यांना जाळी. लोक म्हणतात पिल्लू आलं की लावून घेऊ. मी म्हणते आधी लावा, जाळीचा फोटो पाठवा, त्याच दिवशी संध्याकाळी पिल्लू घेऊन मी स्वतः येते.